हाय-पॉवर आरएफ चाचणी उपकरणं सुरक्षितपणे कशी वापरावीत आणि सांभाळावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा विद्युत सिग्नल. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांत ईएमसी चाचण्या (उपकरण बाहेरच्या रेडिओ लहरी सहन करतं का, स्वतः त्रासदायक लहरी सोडतं का, याच्या), अँटेना चाचण्या किंवा अँप्लिफायर दुरुस्तीचं काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. दहा वॉटपासून एक-दोन किलोवॉटपर्यंतची उपकरणं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. तुमच्या उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

किती वॉटपासून ‘हाय-पॉवर’ समजायचं?

नियमाच्या भाषेत याला एकच रेषा नाही. कामापुरतं सांगायचं तर दहा वॉटपासून काळजी सुरू करा, कारण दहा वॉट उघड्या पिनवर असताना बोट लागलं तर भाजतं. ५० ओहमच्या लाइनवर १००० वॉट म्हणजे सुमारे २२४ व्होल्ट आरएमएस आणि साडेचार अँपिअर. लाइनचं टोक उघडं राहिलं तर परतलेली लाट पुढे जाणाऱ्या लाटेत मिसळते आणि काही ठिकाणी व्होल्टेज दुप्पट होतं. २२४ आरएमएस म्हणजे लाटेचं शिखर ३१६ व्होल्ट, ते ६३२ वर जातं. कनेक्टरमध्ये ठिणगी पडते ती बहुतेक वेळा अशा ठिकाणी.

म्हणून स्विचला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायची सवय लावा: ही पॉवर जाणार कुठे? लोडमध्ये (पॉवर उष्णतेत जिरवणाऱ्या डमी लोडमध्ये), अँटेनात, केबलमध्ये की परत अँप्लिफायरमध्ये? याचं उत्तर वॉटमध्ये देता आलं नाही, तर आरएफ ऑन करू नका.

सुरू आणि बंद करण्याचा योग्य क्रम कोणता?

१. सिग्नल जनरेटरचं आउटपुट बंद आणि लेव्हल सगळ्यात खाली आहे ना, ते बघा. जनरेटर सुरू होताना आदल्या दिवशीची लेव्हल लक्षात ठेवतो. सकाळचे कितीतरी अपघात इथेच होतात.
२. आउटपुटपासून लोडपर्यंतची साखळी हाताने तपासा: अँप्लिफायर, केबल, कपलर (पॉवरचा छोटा, ठरलेला हिस्सा मोजायला बाहेर काढणारा), केबल, लोड किंवा अँटेना. प्रत्येक नट हलवून बघा.
३. मीटर आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर आधी चालू करा, सेन्सर झिरो करा.
४. अँप्लिफायर स्टँडबायवर आणा. पंख्यांचा आवाज ऐका, मागच्या बाजूने हवा बाहेर येते का ते हात धरून बघा.
५. ऑपरेट मोड. मग जनरेटर ऑन, अपेक्षित ड्राइव्हच्या (अँप्लिफायरच्या इनपुटला द्यायच्या सिग्नलच्या) ३० डीबी खाली. डीबी हे पॉवरच्या प्रमाणाचं माप, १० डीबी म्हणजे दहापट.
६. फॉरवर्ड (पुढे जाणारी) आणि रिफ्लेक्टेड (परत येणारी) दोन्ही पॉवर वाचा. प्रमाण ठीक असेल तर ५ किंवा १० डीबीच्या टप्प्यांनी वर जा, शेवटचे ६ डीबी १-१ डीबीने.

बंद करताना उलट: आधी जनरेटर, मग स्टँडबाय, पाच ते दहा मिनिटं पंखे चालू, आणि शेवटी मेन्स. पॉवर चालू असताना केबल कधीच काढायची नाही. आरएफ रिले आणि बँड स्विचनाही हेच लागू. सॉफ्टवेअरमधून बँड बदलत असाल तर आरएफ बंद झाल्यावर किमान १०० मिलिसेकंदांची उसंत टाका, नाहीतर रिलेचे कॉन्टॅक्ट जळतात.

अँप्लिफायर कशाने सगळ्यात जास्त जळतात?

इनपुटला जास्त ड्राइव्ह दिल्याने. बऱ्याच सॉलिड स्टेट अँप्लिफायरना पूर्ण आउटपुटसाठी ० डीबीएम, म्हणजे एक मिलिवॉट पुरतो. जनरेटर मात्र सहज +१५ ते +२० डीबीएम देतो. इनपुटवर कायमचा ६ किंवा १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावून ठेवा आणि जनरेटरमधली कमाल मर्यादा सेट करा. ही दोन कामं पाच मिनिटांची आहेत.

डमी लोड केवढ्या वॉटचा घ्यावा?

लोडवर छापलेले वॉट साधारण २५ अंश सेल्सिअस हवेसाठी असतात. मे महिन्यात एसी नसलेल्या गाळ्यात ३८-४० अंश सहज होतात, आणि रॅकच्या मागे त्याहून जास्त. तापमान वाढलं की लोडची क्षमता उतरते, तो आलेख डेटाशीटमध्ये असतो. सततच्या कामासाठी लागणाऱ्या पॉवरच्या दीडपट ते दुप्पट लोड घ्या. हवेवर थंड होणारा लोड त्याच्या अंगावरच्या धातूच्या पट्ट्या (फिन) उभ्या राहतील असाच ठेवा आणि चारही बाजूंना वीतभर जागा सोडा.

लोडचं अंग शंभर अंशांच्या वर जाऊ शकतं, हात लावून तपासू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो फसवा, खूपच कमी आकडा दाखवतो. लोडवर काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन सेंटिमीटरचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. टेप फार तापलेल्या भागावर टिकत नाही, तिथे उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका द्या.

पॉवर मोजताना मीटर जळू नये म्हणून काय हिशेब करायचा?

कागदावर डीबीएमची वजाबाकी करा. ५०० वॉट म्हणजे ५७ डीबीएम. कपलरचं कपलिंग ५० डीबी असेल तर पोर्टवर +७ डीबीएम येतील. थर्मोकपल सेन्सरला हे चालतं. स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या तोंडावर +३० डीबीएम अशी मर्यादा लिहिलेली असते, पण ती तुटण्याची मर्यादा आहे. आतला मिक्सर त्याच्या कितीतरी खालीच वाकडं मोजायला लागतो. म्हणून मध्ये २० डीबीचा अॅटेन्युएटर घाला, म्हणजे -१३ डीबीएम राहील. डीसी येण्याची शक्यता असेल तर डीसी ब्लॉकही घाला.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: हाय-पॉवर अॅटेन्युएटर उलटा लावणं. अशा बऱ्याच अॅटेन्युएटरमध्ये सगळी उष्णता इनपुटजवळचा भाग झेलतो. आउटपुटकडून पॉवर दिली तर आतला लहान रेझिस्टर काही सेकंदांत जातो. ‘इनपुट’ असं छापलेली बाजू लाल टेपने खूण करून ठेवा. दुसरी: कपलिंगचा आकडा सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा धरणं. कपलरसोबत आलेली फ्रिक्वेन्सीनिहाय यादी सॉफ्टवेअरमध्ये भरा.

कनेक्टर गरम होतोय. चालवत राहू का?

नाही. एका जोडणीत ०.१ डीबी एवढंच नुकसान झालं तर ऐकायला काहीच वाटत नाही, पण १००० वॉटवर त्याचा अर्थ जवळजवळ २३ वॉट उष्णता. म्हणजे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न त्या पिनला टेकवून ठेवल्यासारखं. पिन तापली की तिची स्प्रिंग सैल होते, मग संपर्क आणखी बिघडतो, तो आणखी तापतो. टेफ्लॉनचा पांढरा मणी तपकिरी दिसायला लागला म्हणजे हे चक्र आधीच सुरू झालंय. तो कनेक्टर कापून टाका, साफ करत बसू नका.

कारणं बहुतेक तीनच असतात: नट सैल, आत घाण किंवा चुकीचा प्रकार. नट घट्ट करताना फक्त नट फिरवा, केबलचं अंग दुसऱ्या हाताने धरून स्थिर ठेवा. अंग फिरलं की पिन आतल्या बोटांवर (पिन पकडणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) घासते. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराएवढंच आवळणारा) जवळ हवाच. एन, एसएमए, ४.३-१० आणि ७-१६ डिन ही कनेक्टरच्या प्रकारांची नावं. प्रिसिजन एन कनेक्टरला सुमारे १.३५ न्यूटन-मीटर, स्टीलच्या एसएमएला ०.९, पितळी एसएमएला ०.५६, ४.३-१० ला ५, आणि ७-१६ डिनला २५ ते ३० न्यूटन-मीटर. ७-१६ हाताने कितीही आवळला तरी तेवढा टॉर्क येत नाही, आणि हीच जोडणी किलोवॉट वाहत असते!

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारा स्वॅब आणि कोरडी हवा. अल्कोहोल स्वॅबवर घ्या, कनेक्टरमध्ये ओतू नका. दहा मिनिटं सुकू द्या. पॉलिश पेपर, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यांतलं काहीही नको. काळपट पडलेला चांदीचा मुलामा घासला तर तो निघतो आणि आतलं पितळ उघडं पडतं.

७५ ओहमचा एन आणि ५० ओहमचा एन दिसायला सारखे, पण ७५ च्या फीमेलमध्ये ५० ची जाड पिन घातली की आतली बोटं कायमची फाकतात. केबल टीव्हीच्या कामातून आलेले अॅडॅप्टर लॅबच्या डब्यात ठेवूच नका.

केबलमध्ये किती पॉवर जाते?

एलएमआर-४०० केबलचं ९०० मेगाहर्ट्झला नुकसान १०० मीटरमागे सुमारे १२.८ डीबी. दोन मीटरच्या तुकड्यात पाव डीबी, म्हणजे १०० वॉटमधले सहा वॉट केबलमध्येच. फ्रिक्वेन्सी वाढली की हे वाढतं. गुंडाळी करून ठेवलेली केबल उष्णता बाहेर टाकू शकत नाही, म्हणून पूर्ण पॉवरवर केबल पसरून ठेवा.

व्हीएसडब्ल्यूआरचा अलार्म सारखा लागतो. नेमकं कुठे शोधायचं?

व्हीएसडब्ल्यूआर हा लोडकडे गेलेल्या पॉवरपैकी किती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत नाही. आधी आकड्यांचा अर्थ: १.५ ला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे किलोवॉटवर व्हीएसडब्ल्यूआर ३ असेल तर २५० वॉट परत अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांवर.

अलार्म रीसेट करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. पाच-दहा वॉटवर या. अँप्लिफायरच्या तोंडाशी थेट लोड लावा. अलार्म गेला तर अँप्लिफायर ठीक. आता केबलचा पहिला तुकडा घाला आणि लोड त्याच्या टोकाला, मग कपलर, मग पुढचा तुकडा. ज्या पायरीवर रिफ्लेक्टेड पॉवर उडी मारते तिथेच दोष. प्रत्येक पायरीवर केबल कनेक्टरजवळ हलकेच वाकवून बघा, शिल्ड तुटलेली असेल तर आकडा नाचतो.

लांब केबल दोष लपवते, हे विसरू नका. ३ डीबी नुकसानीच्या केबलचं टोक पूर्ण उघडं असलं तरी अँप्लिफायरजवळ व्हीएसडब्ल्यूआर फक्त ३ दिसतो. अँटेना तुटलेली असते आणि मीटर म्हणतं, चालेल. म्हणून कपलर शक्यतो अँटेनाजवळ लावा.

आणि अँटेना तिच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या खाली चालवताय का तेही बघा. ८० मेगाहर्ट्झपासूनची अँटेना ३० ला लावली तर दोष कशातच नसतो, निवड चुकलेली असते.

१०० वॉटचा अँप्लिफायर आहे, तरी १० व्होल्ट प्रति मीटरची चाचणी का पार पडत नाही?

आयईसी ६१०००-४-३ (उपकरण रेडिओ लहरी सहन करतं का ते तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) मधली पातळी अनमॉड्युलेटेड, म्हणजे साध्या सिग्नलची असते, आणि चाचणीत १ किलोहर्ट्झचं ८० टक्के एएम (सिग्नलची उंची कमी-जास्त करणं) असतं. शिखरावर फील्ड १.८ पट, म्हणजे पॉवर ३.२४ पट, म्हणजे ५.१ डीबी जास्त. साध्या सिग्नलला ४० वॉट लागत असतील तर शिखराला १३० लागतील. १०० वॉटचा अँप्लिफायर तिथे चपटा होतो आणि हार्मोनिक वाढतात. तपासायला सोपं: १.८ पट फील्ड तयार करा, जनरेटर ५.१ डीबीने खाली आणा. फील्ड ३.१ ते ५.१ डीबीने उतरलं तर ठीक, त्याहून कमी उतरलं तर अँप्लिफायर लहान पडतोय.

अँटेनापासून किती लांब उभं राहायचं?

अंदाजासाठी पॉवर गुणिले गेन (अँटेना एका दिशेला पॉवर किती पट एकवटते), भागिले ४π गुणिले अंतराचा वर्ग. १०० वॉट आणि ६ डीबीआय, म्हणजे चौपट गेन. दोन मीटरवर सुमारे ८ वॉट प्रति चौरस मीटर, एक मीटरवर ३२. आयसीएनआयआरपी या रेडिओ लहरींसारख्या बिन-आयनीकारक प्रारणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३० ते ४०० मेगाहर्ट्झसाठी संपूर्ण शरीराची, ३० मिनिटांच्या सरासरीची मर्यादा कामगारांना १० आणि सर्वसामान्यांना २ वॉट प्रति चौरस मीटर आहे. म्हणजे या उदाहरणात कामगारांसाठी सुमारे १.८ मीटर आणि बाकीच्यांसाठी ४ मीटर. अँटेनाच्या अगदी जवळ हे सूत्र लागू पडत नाही, तिथे प्रोबने मोजूनच ठरवा.

शेजारच्या गाळ्याची भिंत किती अंतरावर आहे, हाही याच हिशेबाचा भाग आहे. औद्योगिक वसाहतीत पार्टिशनपलीकडे कुणीतरी आठ तास टेबल लावून बसलेलं असतं, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं. अँटेना चेंबरबाहेर (लहरी आत अडवणाऱ्या शिल्डेड खोलीबाहेर) चालवू नका. उघड्यावर प्रक्षेपण करायचंच असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी कक्षाचा परवाना आधी घ्या.

पेसमेकर असलेल्या व्यक्तीला चाचणी क्षेत्रात येऊ देऊ नका. दारावर तसा मराठीत, मोठ्या अक्षरांत फलक हवा.

इंटरलॉक सारखा ट्रिप होतो म्हणून शॉर्टिंग कॅप लावली तर?

लावू नका. इंटरलॉक म्हणजे दार उघडलं की आरएफ बंद करणारी यंत्रणा, आणि शॉर्टिंग कॅप म्हणजे तिला बायपास करणारी टोपी. ट्रिप होतोय तर दाराचा स्विच सरकलाय, बिजागरी खाली बसलीये किंवा वायर तुटत आलीये. ती दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. अँप्लिफायरसोबत आलेली शॉर्टिंग कॅप फक्त लोडवरच्या दुरुस्तीसाठी आहे, ती सुपरवायझरच्या कुलपात ठेवा.

इंटरलॉक दर आठवड्याला तपासा. लोडवर पाच वॉट चालू करा, दार उघडा, आणि पॉवर मीटर शून्यावर आला का ते बघा. पॅनेलवरचा दिवा विझला एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मग दार बंद करा: आरएफ आपोआप परत येता कामा नये. आला तर ती वायरिंग चुकीची आहे, काम थांबवा.

चेंबरमधला फोम पेट घेऊ शकतो का?

हो. भिंतींवरचा, लहरी शोषणारा पिरॅमिडचा फोम म्हणजे कार्बन मिसळलेलं पॉलियुरेथेन. साध्या फोमची सततची मर्यादा बऱ्याचदा ७७५ वॉट प्रति चौरस मीटरच्या आसपास असते. २०० व्होल्ट प्रति मीटर म्हणजे १०६ वॉट प्रति चौरस मीटर, तिथे धोका नाही. पण हॉर्न अँटेना फोमपासून हातभर अंतरावर ठेवली तर आत उष्णता साठते, बाहेरून काही दिसत नाही. जळताना हायड्रोजन सायनाइडसकट विषारी धूर निघतो. वास आला की आरएफ बंद, मेन्स बंद, सगळे बाहेर, दार लावून घ्या आणि १०१ ला फोन. आत शिरून विझवायला जाऊ नका.

पावसाळ्यात काय वेगळं करावं?

नवी मुंबई-ठाण्याच्या या भागात हाच सगळ्यात मोठा विषय आहे. जून ते सप्टेंबर हवा दमट, एका बाजूला खाडीची खारट हवा, दुसऱ्या बाजूला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांचे वायू. गंधकाच्या वायूंनी चांदीचा मुलामा काळा पडतो, खारट ओलाव्याने अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते.

रात्री एसी बंद करून जाता, सकाळी शटर उघडता, ओली हवा आत येते, आणि मग एसी लावून गार झालेल्या धातूवर ती दवासारखी बसते. लगेच किलोवॉट दिले तर कनेक्टरच्या मण्यावर ठिणगी चालते आणि काळी वाट उमटते. ती वाट एकदा उमटली की पुढे कमी पॉवरलाही तिथेच फुटतं. उपाय साधा: खोलीत हायग्रोमीटर लावा, ओलावा ६० टक्क्यांखाली येईपर्यंत फक्त स्टँडबाय, किमान ३० ते ४५ मिनिटं. रात्रभर डीह्युमिडिफायर चालवा, त्याची नळी थेट मोरीत सोडा, म्हणजे बादली भरून तो बंद पडणार नाही.

न वापरलेल्या प्रत्येक पोर्टवर टोपी. केबल सिलिका जेलसह झिप पिशवीत. केशरी दाणे हिरवे झाले की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा, पण स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही. गच्चीवरच्या जोडण्यांना सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे पाणी खाली सोडतात, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या.

पंख्यांच्या जाळ्या पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण सुकवा. उबेला पाली पॅनेलमध्ये शिरतात आणि मेन्सच्या टर्मिनलवर शॉर्ट करतात. केबल शिरण्याची भोकं ग्लँडने बुजवा.

आरसीसीबी सारखा पडतो. काढून टाकू का?

काढू नका (आरसीसीबी हा अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा सुरक्षा स्विच आहे), आणि अर्थिंग तर अजिबात तोडू नका. आरएफ उपकरणांच्या मेन्स फिल्टरमधले कपॅसिटर अर्थकडे गळती सोडतात, चार-पाच उपकरणं मिळून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. उपकरणं वेगवेगळ्या सर्किटांवर वाटा. एलआयएसएनची (उपकरण मेन्सच्या तारांवर सोडतं तो आरएफ गोंगाट मोजायच्या खोक्याची) गोष्टच वेगळी: २३० व्होल्टला त्याची गळती सुमारे ०.८ अँपिअर असते. त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि अर्थची जाड पट्टी आधी आवळून मगच मेन्स. अर्थ सुटलेल्या एलआयएसएनच्या खोक्याला हात लागला तर तो जीवघेणा शॉक आहे.

मधेच लाइट गेली तर?

सिग्नल जनरेटर आणि अँप्लिफायरचे स्विच लगेच बंद करा. लाइट परत येताना व्होल्टेज उड्या मारतं, पाच मिनिटं थांबा. कंट्रोल पीसी आणि सिग्नल जनरेटर यूपीएसवर पण अँप्लिफायर मेन्सवर, अशी मांडणी असेल तर लाइट आल्याबरोबर अँप्लिफायरला पूर्ण ड्राइव्ह तयारच मिळतो. मेन्सला असा कॉन्टॅक्टर लावा जो हाताने रीसेट केल्याशिवाय चालू होत नाही.

टीडब्ल्यूटी अँप्लिफायरला काय वेगळं?

टीडब्ल्यूटी म्हणजे ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब, ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात ट्यूब. आत कित्येक किलोव्होल्ट. हीटरला तीन ते पाच मिनिटं लागतात, तो टायमर कधी बायपास करू नका. झाकण उघडण्याचं काम प्रशिक्षित दोन माणसांनी मिळून करायचं. मेन्सचा प्लग काढा, मॅन्युअलमधला वेळ थांबा, डिस्चार्ज रॉडची तार आधी अर्थला आणि मग टोक कपॅसिटरला. काम संपेपर्यंत शॉर्टिंग वायर तिथेच राहू द्या. पडून असलेली ट्यूब तीन-चार महिन्यांनी मॅन्युअलप्रमाणे चालवा, नाहीतर आतली निर्वात अवस्था बिघडते.

जळालेला लोड किंवा अॅटेन्युएटर उघडून बघता येईल का?

नाही. अनेक हाय-पॉवर रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइडचं सिरॅमिक असतं. अखंड असताना त्रास नाही, पण फुटलं, घासलं, ड्रिल केलं तर धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. तुकडे झाले असतील तर झाडू नका, फुंकर मारू नका. ओल्या टिश्यूने उचला, दुहेरी पिशवीत बंद करा, लेबल लावा, आणि तळोज्यातल्या सामायिक धोकादायक कचरा केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणी द्या. भंगारवाल्याला नाही.

कुणी भाजलं तर?

आरएफ उच्च फ्रिक्वेन्सीला झटका देत नाही, म्हणून हात आपोआप मागे येत नाही. त्वचेवर पांढरा ठिपका दिसतो, पण इजा आत खोल असते. आरएफ बंद करा, अंगठी-कडं काढा, नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. ठिपका लहान असला तरी डॉक्टरांकडे जा आणि ‘आरएफने भाजलंय’ असं स्पष्ट सांगा, किती वॉट आणि कोणती फ्रिक्वेन्सी तेही. डोळ्यांचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. मेन्सचा शॉक असेल तर आधी मेन स्विच, मग १०८.

देखभालीची नोंद काय ठेवायची?

रोज: ओलावा, तापमान आणि एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला ठरलेल्या ड्राइव्हवर लोडमध्ये जाणारी पॉवर. हा एक आकडा महिनोन् महिने लिहिला की १ डीबीची घसरण लगेच डोळ्यांत भरते, आणि ट्रान्झिस्टरची जोडी जाण्याआधी कळतं. महिन्याला: केबलचं नुकसान, कनेक्टर भिंगाखाली, लोडचा डीसी रेझिस्टन्स (डीसी मोजता येणाऱ्या लोडला ५० ओहमच्या आसपास यायला हवा). वर्षाला: सेन्सर, कपलर आणि फील्ड प्रोब एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून कॅलिब्रेशन.

जुना अँप्लिफायर किंवा लोड सेकंडहँड घ्यावा का?

घ्या, पण तिथे उभं राहून चाचणी झाल्यावरच. तुमचा लोड आणि कपलर सोबत न्या. फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या दोन टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं पूर्ण पॉवर. आउटपुट कनेक्टरचा मणी टॉर्चने बघा. इंटरलॉकच्या तारा मागच्या बाजूने एकमेकींना जोडून तो बायपास केलेला आहे का तेही. तेलाचा जुना डमी लोड असेल आणि तेल कोणतं याचा कागद नसेल, तर घेऊ नका. जुन्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी रसायन) असू शकतं, ज्याचं उत्पादन आणि आयात २०१६ च्या केंद्रीय आदेशाने बंद आहे. विक्रेता लोडवर चालवून दाखवायला तयार नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या.